तळाचं बी

“दोन्ही हात पुढे कर. बी एका हातानं घेत नसतात.”

थोरलीच्या कानात हा आवाज अजून जसाच्या तसा होता. लग्न होऊन ती या घरात आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी लांबच्या गावचा कुणी माणूस भोपळ्याचं बी मागायला आला होता. ओसरीवर मांडी घालून बसलेले सासरे त्याला हे सांगत होते. घरदार त्यांना आप्पा म्हणे. दाराआड उभ्या असलेल्या नव्या सुनेनं ते ऐकलं आणि नकळत आपलेही दोन्ही हात पुढे केले. आप्पांनी मान वळवून बघितलं आणि पोट हलेपर्यंत हसले. “तुला कशाला गं? तुझंच आहे सगळं!”

आप्पांना जाऊन आता एकोणीस वर्षं झाली होती.

त्या घराला लोक बीवाल्यांचं घर म्हणत. जमीन बेताचीच होती, पण लाल भोपळ्याचं ते बी सात-आठ गावांत दुसरीकडे नव्हतं. लांब मानेचा, जाड सालीचा भोपळा. देठासकट काढून कोरड्या जागी ठेवला तर पुढच्या पेरणीपर्यंत त्याला सुरकुती पडत नसे. मागायला येईल त्याला ओंजळभर बी मिळे. बदल्यात काही द्यायचं नाही, फक्त पीक आलं की पहिला भोपळा आणून दाखवायचा. घरी बी राखायची खटपट कुणी करत नसे, पुढच्या साली लोक पुन्हा इथंच येत. आप्पांच्या थोरल्या मुलाला, म्हणजे थोरलीच्या नवऱ्याला, बाजारात कुणी नावानं हाक मारत नसे. “बीवाले, या की,” म्हणत, आणि ती हाक ऐकली की त्याची मान बोटभर वर जाई.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला. वेलींची खालची पानं कडेनं करपायला लागली होती. थोरली आणि तिची धाकटी जाऊ सकाळच्या दवात वाकून फळांखाली वाळलं गवत सारत होत्या, म्हणजे ओल लागून बूड कुजू नये. तेवढ्यात बांधावरून तीन माणसं आली. पायांत गुडघ्यापर्यंत बूट, हातात छोट्या छोट्या पिशव्या. त्यांतला चष्मेवाला अदबीनं बोलला, कुठलासा कागद दाखवला, आणि तिघं पानांना चिमटे लावत वाफ्यांतून फिरायला लागले. चिमटा दाबला की पानातून टिकलीएवढा गोल तुकडा निघे. तो पिशवीत जाई आणि पिशवीवर आकडा पडे.

“अहो साहेब, भोकं कशाला पाडताय?” थोरलीचा दीर कमरेवर हात ठेवून म्हणाला. “आमच्याकडे किडे आहेत त्या कामाला. बिनपगारी.”

चष्मेवाला हसला. “तपासणी आहे.”

“पानांना ताप आलाय का?”

धाकटी जाऊ पदरात हसली. थोरलीचा नवरा मात्र कुदळीच्या दांड्यावर रेलून उभा होता. आठवड्यापूर्वी फावडं घसरून त्याच्या पावलाला खोल जखम झाली होती, आणि फडक्यात गुंडाळलेला तो पाय घेऊन तो रोज वाफ्यापर्यंत येतच होता. तो म्हणाला, “घेऊ दे रे. सारं जग बघायला येतं आपलं बी.”

थोरलीनं त्या पिशव्यांकडे पाहिलं. पिशवीच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव छापलं होतं, आणि वर निळं वर्तुळ. ते वर्तुळ तिनं ओळखलं. तिच्या हातातलं गवत तसंच राहिलं.

“वहिनी, साप बघितलात का?” दीर म्हणाला.

“नाही भावजी. पाठ धरली.”

*

महिन्यानं नोटीस आली. ओसरीत सगळे बसले आणि लेकीनं ती वाचली. अठरा वर्षांची पोर तालुक्याला शिकत होती. कागदातला एकेक शब्द ती तांदळातला खडा वेचावा तशी वेचत होती.

“बाबा, कंपनी म्हणते, हे बी त्यांचं आहे. त्यांचं पेटंट आहे त्यावर. त्यांच्या परवानगीशिवाय पेरायचं नाही, ठेवायचं नाही, कुणाला द्यायचं नाही.”

“कंपनी नदीकाठी आली तेव्हा आप्पांच्या बियाला तीन पिढ्या झाल्या होत्या.”

“ते म्हणतात, बियात त्यांचं नाव आहे.”

“पोत्यावर ठसा मारतात, तसं?”

“पोत्यावर नाही, दाण्याच्या आत. डीएनएमध्ये. तिथं चारच अक्षरं असतात, त्याच चार अक्षरांची लांबच लांब ओळ. त्यांनी त्या ओळीत आपल्या नावाची खूण लिहिलीय. आणि ती मिटत नाही. भोपळ्यातून बियात, बियातून परत भोपळ्यात, जातच राहते.”

दिरानं सुपातला एक दाणा उचलला, दाढेखाली फोडला, गर तळहातावर घेऊन उन्हात धरला. मग धाकटीनं एक फोडला. थोरलीच्या नवऱ्यानं नखानं टरफल सोललं, डोळ्याजवळ नेलं, फिरवून फिरवून पाहिलं. तीन माणसं भर दुपारी दाण्यांच्या पोटात नाव शोधत बसली.

“मला तर नुसता गर दिसतोय,” दीर म्हणाला. “साहेबाचं अक्षर फारच बारीक बाबा. आणि चवीलाही काही लागत नाही.”

“काका, यंत्रातूनच दिसतं ते.”

“म्हणजे त्यांच्याच यंत्रातून. बरंय.”

दोन दिवसांनी वकील घरी येऊन गेले. वकील ठेंगणे, घामेजलेले, पण डोक्यानं तल्लख. ते म्हणाले, “मधमाशी कुठंही जाते. नदीकाठच्या त्यांच्या शेतातून एखादी तुमच्या फुलावर येऊन बसली असेल. त्यात तुमचा काय दोष? पण तुमचं बी मुळात वेगळं होतं, त्यांच्या आधीचं होतं, हे दाखवता आलं पाहिजे.”

थोरलीचा नवरा ताडकन उठला. अजून न भरलेल्या जखमेचा पाय टेकल्यावर कळवळला, आणि तसाच हसला.

“दाखवता येतं की! आमचं मडकं आहे!”

त्या घरची एक रीत होती. पेरणीला बी काढताना मडकं कधी पूर्ण उपसायचं नाही. त्या सालच्या बियातली मूठभर तळाशी ठेवायची, वर राखेचा थर द्यायचा, आणि नवं बी त्यावर. दरसाल एक मूठ, एक थर. सगळ्यात खाली आप्पांच्या हातची मूठ होती. वरून मडकं भरे, रितं होई, पण तळाच्या थरांना कुणी हात लावत नसे.

“अगदी तळाचं बी तपासा म्हणावं,” तो वकिलांना सांगत होता. “ते कंपनीच्या आधीचं. त्यात निघू दे बरं यांचं नाव! मी स्वतःहून देतो मडकं. माझ्या हातानं लिहून देतो.”

वकिलांनी मांडीवर थाप मारली. “बीवाले, तुम्ही खटला इथंच जिंकलात!”

दिरानं वहिनीला चहा टाकायला सांगितलं. थोरली आत गेली. चुलीपुढे बसली आणि पेटलेल्या लाकडाकडे बघत राहिली. चहा उतू गेला, तरी तिला कळलं नाही.

तिला ठाऊक होतं. त्या मडक्यात आप्पांच्या बियाचा एक दाणाही नव्हता.

आप्पा गेले त्याच्या पुढच्या हंगामाची गोष्ट. लेक पोटात होती, दिवस भरत आले होते. बी धुऊन तिनं सावलीत पसरलं होतं, ते चार दिवस वाळायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी आभाळ भरून आलं आणि त्याच घटकेला तिची कंबर धरली. कळा दाबत, भिंतीचा आधार घेत तिनं ओलसर बी गोळा केलं, मडक्यात ओतलं, तोंड मातीनं लिंपलं. नंतर बाळंतपण अवघड गेलं आणि मडकं डोक्यातून निघूनच गेलं. पेरणीला आठ दिवस उरले तेव्हा तिनं लिंपण फोडलं. आतून वाफ आली, कुजक्या पाण्यासारखी. हात घातला तो मनगटापर्यंत काळ्या लगद्यात गेला. राख भिजून गोळे झाली होती. तळापर्यंत सगळं गेलं होतं, आप्पांची मूठसुद्धा.

नवरा तेव्हा औतावर होता. तिनं मडकं डोक्यावर घेतलं आणि नदीवर नेऊन खरवडून खरवडून धुतलं.

तेव्हा ती नदीकाठच्या कंपनीच्या शेतात फुलांच्या कामाला जाई. संध्याकाळी मादी कळीचं तोंड दोऱ्यानं बांधायचं, पहाटे सोडायचं, नर फूल आणून त्यावर हलक्या हातानं फिरवायचं, पुन्हा बांधायचं. बाया वाकलेल्या पाठीनं गात:

सांजेला बांधिली कळी, पहाटे सोडिली गाठ
कुणाच्या फुलाची धूळ गं, कुणाच्या वेलीची वाट

त्या शेताच्या शेडमागे चिरलेल्या भोपळ्यांचा ढीग टाकलेला असे, पुढे जाळून टाकायला. भोपळा लांब मानेचाच होता, घरच्यासारखा. फाटकावर जाताना पिशव्या झाडून बघत, पण तान्ह्या पोराचं दुपटं कुणी सोडून बघत नसे. तीन दिवस तिनं लेकीला पोटाशी धरून बी बाहेर आणलं. घरी सगळे शेतात गेले की ती मडकं पुढ्यात घेई. तळाशी एक मूठ, वर राख. पुन्हा मूठ, पुन्हा राख. आप्पांनी लावले होते तेवढे थर तिनं आठवून आठवून लावले.

त्या साली पीक असं आलं की नवरा बांधावर उभा राहून रडला. “आप्पांचा हात आहे यावर,” म्हणाला. ती तोंड उघडणार होती ते तेव्हाच. उघडलं नाही. आणि मग एकामागून एक हंगाम येत गेले.

आता ओसरीतून हसण्याचे आवाज येत होते. थोरलीनं सांडलेला चहा पुसला, नवा टाकला आणि कप भरून बाहेर नेले. नवऱ्यानं कप घेताना तिच्याकडे इतक्या आनंदानं पाहिलं, की ती तशीच आत वळली.

*

नवऱ्याचा पाय सुजला होता, म्हणून मडकं तपासणीला घेऊन कचेरीत दीर गेला. जीपमध्ये त्यानं ते मांडीवरून खाली ठेवलं नाही. संध्याकाळी परत आल्यावर सांगत होता, “खड्डा आला की मी मडक्याला धरायचो आणि शेजारचा मला. लोक विचारायचे, आत काय आहे हो? म्हटलं, आमचे आप्पा!”

सगळे हसले. थोरलीनं डोळ्यांना पदर लावला. धाकटीला वाटलं, हसून पाणी आलं.

तपासणीचा निकाल ऐकायला तिघं गेली, दोघं भाऊ आणि थोरली. कचेरीची लांबट खोली, वर पंखा, टेबलामागे अधिकारी. टेबलावर त्यांचं मडकं होतं, गळ्यात दोरीनं अडकवलेली आकड्याची चिठ्ठी. थोरलीचा नवरा लंगडत पुढे गेला आणि त्यानं मडक्याच्या पोटावर हात ठेवला.

“हात लावू नका,” शिपाई म्हणाला. “आणि तो पाय सतरंजीवर नको. डाग पडतोय.”

त्यानं हात काढला. सतरंजीवरून मागे सरकला. खुर्ची कुणी दिली नाही, तो भिंतीला टेकून उभा राहिला.

चष्मेवाल्यानं एक लांब कागद पसरला. चारच अक्षरांच्या ओळीमागून ओळी, मुंग्यांची रांग लागावी तशा. मध्ये एका तुकड्याभोवती लाल रेघ होती. “इथून इथपर्यंत आमचं नाव आहे,” तो समजावून सांगितल्यासारखा म्हणाला. “हे आमच्या माणसांनी लिहिलं आहे. निसर्गात असं आपोआप येत नाही. वरच्या थरातल्या बियात आहे, मधल्या थरात आहे, आणि तळाच्याही.”

“तळाच्या नाही,” थोरलीचा नवरा म्हणाला.

“तळाच्याही आहे.”

“साहेब, नीट बघा. तळाचं माझ्या वडिलांचं आहे.”

अधिकाऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला. आवाजात राग नव्हता, थकवा होता. “बाबा, तळाचं बी तपासा असं लिहून कुणी दिलं? तुम्हीच ना?”

“मीच.”

“मग आता?”

आपल्याच शब्दानं बांधला गेलेला माणूस कसा दिसतो, ते थोरली बघत होती. त्याच्या मानेची शीर उडत होती. मग त्याची मान सावकाश वळली आणि नजर धाकट्या भावावर जाऊन थांबली.

*

परतीच्या वाटेवर तो एकच प्रश्न विचारत होता.

“मध्ये कुठं उतरला होतास?”

“दादा, सांगितलं ना, चहाला.”

“मडकं?”

“जीपमध्ये. ड्रायव्हर होता की.”

“किती वेळ?”

“चहा प्यायला किती वेळ लागतो दादा?”

“ते तू सांग.”

दुसऱ्या दिवशी दोघं एकाच वाफ्यात दोन टोकांना काम करत होते. वेली तोडायच्या होत्या. अखेरच्या सुनावणीपर्यंत सगळी फळं मोजून आपल्याच शेडमध्ये कुलूपबंद ठेवायची, असा कचेरीचा हुकूम होता. कोवळी फळं विळ्याखाली येत, देठातून चिकट पाणी गळे, हातांना काळे डाग पडत. पूर्वी एकानं भोपळा उचलला की दुसरा घ्यायला पुढे होई. आता प्रत्येक जण आपापला वाहून नेत होता. सुजल्या पायानं थोरला वाफ्यात दोनदा पडला. दुसऱ्यांदा पडला तेव्हा धाकटा धावत गेला, हात पुढे केला. थोरल्यानं मातीत तळवे रोवले आणि स्वतःच उठला.

बी मागायला दोन माणसं आली होती. बांधावरूनच परत गेली. जाताना एक जण दुसऱ्याला म्हणाला, “कंपनीचंच होतं म्हणे. आणि आपण आप्पांचं म्हणून डोक्याला लावत होतो.” ते थोरल्याला ऐकू गेलं. विळा चालता चालता थांबला आणि परत चालायला लागला.

थोरली रोज ठरवी, आज सांगायचं. पाण्याचा तांब्या पुढे करताना, पायाचं फडकं बदलताना, जखमेतला पू कोमट पाण्यानं पुसताना. ती “अहो” म्हणे, आणि तो “काय?” म्हणून बघे. त्या नजरेत आता एवढंच उरलं होतं, की निदान आप्पांचं बी खरं होतं, कुणीतरी ते चोरलं. तेवढं एकच लाकूड धरून तो तरंगत होता. ती म्हणे, “दुखतंय का फार?”

वकील पुन्हा आले. या वेळी घाईत होते. “एकच वाट आहे,” म्हणाले. “मडकं बदललं गेलं. वाटेत. असं लिहून द्या. मग तपासणीच रद्द होते. फक्त कुणी बदललं ते लिहावं लागेल. मोघम चालत नाही.”

“भावाचं नाव?”

“मडकं त्याच्याच हातात होतं.”

“त्याला काय होईल?”

वकिलांनी रुमालानं मान पुसली. “पोलीस विचारतील. कंपनीनं फितवलं, असं ठरलं तर आत जाईल. मी काही गोड बोलून फसवत नाही तुम्हाला.”

थोरल्यानं शेतातल्या भावाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “ठेवून जा कागद.”

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायच्या आधी धाकट्यानं गोठ्यातला लांब दोर काढला. एक टोक विहिरीजवळच्या खुंटाला बांधलं आणि दुसरं ओढत शेतातून चालायला लागला. धाकटी अंगणात भांडी बांधत होती. तिची पाठ थरथरत होती.

“काय चाललंय?” थोरला ओसरीतून ओरडला.

“वाटणी!” तिकडून आवाज आला. “चोराबरोबर एका छपराखाली कशाला राहतोस दादा? अर्धं माझं, अर्धं तुझं. विहीर तू ठेव. मी पाणी विकत घेईन, मला कंपनीनं पैसे दिलेत ना!”

“दिलेच असतील!”

“हो, पोतंभर! हिला विचार, आम्ही काल रात्री चटणीला लावून खाल्ले!”

थोरल्यानं वकिलांचा कागद मांडीवर घेतला. त्यानं लेकीला हाक मारली. “ये इकडे. माझं अक्षर बरं येत नाही. भावाचं नाव लिहायची जागा सोडलीय त्यात. तू लिही, खाली मी सही करतो.”

लेक दारात उभी राहिली. “मी नाही लिहिणार काकांचं नाव.”

“लिही म्हणतो ना!”

“काकांनी मला खांद्यावरून शाळेत नेलंय, बाबा.”

“आणि मला आप्पांनी नेलंय!” त्याचा आवाज चिरकला. “त्यांची एक मूठ होती माझ्याकडे. एक मूठ! ती ज्यानं विकली त्याचं नाव लिहायला तुला जड जातंय?”

त्यानं स्वतःच पेन उचललं. धाकटा दोर हातात धरून अंगणाच्या कडेपर्यंत आला होता. त्यानं कागद पाहिला, पेन पाहिलं. दोर त्याच्या हातातून सुटून मातीत पडला, आणि तो तिथंच उकिडवा बसला, लहानपणी मार खायच्या आधी बसत असेल तसा, दोन्ही हात डोक्यावर घेऊन.

पेनाचं टोक कागदाला लागलं होतं. थोरलीनं वरून तळवा ठेवला आणि कागद झाकला.

“भावजींनी मडक्याला हात लावलेला नाही,” ती म्हणाली.

“तू बाजूला हो.”

“नेलं तसंच पोचवलं त्यांनी. त्यात कंपनीचंच बी होतं. आपल्या घरातून निघालं तेव्हाच होतं.”

“कुणी घातलं?”

“मी.”

धाकटीच्या हातातलं भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. लेक दाराची चौकट धरून आईकडे बघत होती.

“ही तीन महिन्यांची होती,” थोरली म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच परका वाटत होता, पण आता तो थांबत नव्हता. “त्यांच्या शेडमागे ढीग होता, तिथून आणलं. हिच्या दुपट्यात बांधून, तीन दिवस. तुम्ही औतावर होतात. थर मी लावले. राख मी घातली. तुम्ही दरसाल लोकांना दिलंत ते तेच.”

तो तिच्याकडे बघत राहिला. चिडला नाही, उठलाही नाही. कागदावरचं पेन त्याच्या बोटांतून निसटलं. मग त्यानं अगदी हळू, आजारी माणसानं पाणी मागावं तशा आवाजात विचारलं,

“मग आप्पांचं कुठं ठेवलंस?”

त्या एका आशेवर तो अजून बसला होता. तिनं त्याच्यापुढे जमिनीवर बसकण मारली. त्याचा फडक्यातला पाय दोन्ही हातांत धरला.

“नाही ठेवलं,” ती म्हणाली. “ओलं भरलं मी, माझ्या हातानं. सगळं कुजलं. नदीत टाकून आले. आप्पांचं बी अठरा वर्षांपूर्वीच संपलं हो, एक दाणासुद्धा राहिला नाही.”